जोर कुठं द्यायचा, याचा ठराव

आमच्या संस्थेचं नाव मी सांगणार न्हाय. पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय, आन पेन्शनच्या कागदावर चेअरमनची सही लागती. एवढंच सांगतो, की शाळा बारामती आन इंदापूरच्या मधी, कॅनॉलच्या कडंला हाय, आन मी तितं पंचवीस वर्षं क्लार्क हाय. सावळाराम क्लार्क म्हणलं की पिंपळीपासनं वरकुट्यापर्यंत कुणीबी सांगंल. चांगलं सांगंल का वाईट, ते त्याच्या पोराला दाखला येळंवर मिळाला का न्हाय, त्यावर हाय.

आमच्या संस्थेत ठरावाबिगर पान हालत न्हाय. घंटा आणायची, ठराव. घंटा वाजवायचा टोला हरवला, ठराव. शाळेच्या आवारात कुत्री येऊ नयेत, याचासुदिक ठराव झालेला हाय, सूचक आन अनुमोदकासकट. कुत्र्यांनी तो अजून वाचलेला न्हाय.

म्हस्कूतात्यांचं ऐका. वरकुट्याचे संचालक. चौऱ्याण्णव साली त्यांना छातीत कळ आली म्हणून पुण्याला हलवलं. गावात कुणीतरी उठवलं, म्हातारा गेला. झालं! अर्ध्या तासात तातडीची सभा, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली, आन ठराव क्रमांक अकरा: संस्थेचा आधारवड कोसळला. पंधराव्या दिवशी आधारवड जीपमधनं उतरला आन इचारायला लागला, चहा झाला का. आता ठराव रद्द करायला दुसरा ठराव लागतो, आन त्याला सूचक व्हायला कुणी तयार होईना. अपशकुन हाय म्हणायचे. तवापासनं तात्या सभेला येतात, पोहे खातात, सही करतात, पण रेकॉर्डला वारलेले हायत.

आमच्या सभेचा पैला विषय कायम एकच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कुणी न्हाय, कायम सगळे करतात. आन ते लिहायचं काम माझं. सभेत शिव्या होऊ द्या, कॉलरी धरू द्या, मी लिहायचं: 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' एवढ्या वर्षांत शंभरभर भांडणं मी या एका ओळीखाली गाडली. पगारच त्याचा होता म्हणा ना.

शहाण्णव सालच्या जूनमधी इंग्रजीच्या मास्तराची एक जागा मंजूर झाली. कायम जागा. एकदा भरली की पुढं दहा वर्षं भरायची न्हाय. अर्ज दोन आले.

एक म्हाळसाचा. भिमाची पोरगी, वरकुट्याची. भिमाच्या घरात बापजाद्यांपासनं मेंढरं. पोरीच्या बीएडसाठी त्यानं राहिलेली चाळीस मेंढरं इकली आन कारखान्याच्या गाडीतळावर राखणदार म्हणून लागला. पोरगी इंग्रजी घेऊन फस्ट क्लासात आली आन आमच्याकडंच दोन वर्षं तासावर शिकवत होती. कायम मास्तर आला की तिचे तास बंद, असा सरळ हिशेब. माझं अक्षर किडमिडीत, म्हणून सभेचं कच्चं पक्कं करायला मी तिलाच द्यायचो. गुमान उतरवून द्यायची.

दुसरा अर्ज इंद्रजितचा. आमचे चेअरमन दादासो, त्यांचा हा बारामतीचा भाचा. पास क्लास, काळा गॉगल आन फटफटी. पोरगा मनानं वाईट न्हाय. त्याला बारामतीत व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकायचं होतं. मास्तर त्याच्या मामाला करायचा होता.

मुलाखतीला पुण्याहनं शिक्षण खात्यानं एक मॅडम पाठवल्या होत्या, इंग्रजीच्या जाणकार. नऊ संचालक वर्गातल्या बाकांवर दाटीवाटीनं बसले. बाकीचे प्रश्न झाले, आन मॅडमनी फळ्यावर एक शब्द लिहिला. इंडस्ट्रियलायझेशन. तो फळ्याच्या या कडंपासनं त्या कडंपर्यंत गेला. आमच्या दादासोंचा हा लाडका शब्द. एमायडीसी आल्यापासनं त्यांच्या दर भाषणात असायचा आन दर येळंला येगळ्या ठिकाणी अडकायचा.

मॅडम म्हणल्या, "या शब्दाचे उच्चाराप्रमाणे भाग पाडा आणि मुख्य आघात कुठे येतो ते दाखवा."

दादासो दचकले. "आघात? मॅडम, चांगल्या कामाला बसलोय. आघात कशाला?"

"आघात म्हणजे जोर. बोलताना कुठल्या भागावर जोर द्यायचा, ते."

"हां, जोर म्हणा की मंग!"

इंद्रजित उठला. गॉगल काढून खिशाला अडकवला. "इंडस, ट्रियल, आय, झेशन. चार भाग. जोर पैल्यावर." आन 'इंडस' असं काय वरडला, की बाहेरचा शिपाई आपल्यालाच हाक मारली समजून पळत आत आला.

मंग म्हाळसा आली. खडू घेतला, शब्दात सहा उभ्या रेघा मारल्या. "इन, डस, ट्रि, अल, आय, झे, शन. सात भाग. जोर सहाव्यावर, झेवर." झेच्या डोक्यावर तिनं एक बारीक टिकली दिली. "शेवटी शन आला की जोर त्याच्या आदल्यावर पडतो. एज्युकेशन. इलेक्शन. इरिगेशन." मंग संचालकांकडं वळून म्हणली, "भाग मोजायचे असले तर हनुवटीखाली हात धरून बोलून बघा. जितक्यांदा हनुवटी हाताला लागंल, तितके भाग."

आन काय सांगू! माझे नऊच्या नऊ संचालक हनुवटीखाली हात धरून पुटपुटायला लागले. इरिगेशन, इरिगेशन. मॅडम खिडकीबाहेर बघून हसल्या. शाळेत त्या दिवशी तेवढीच काय ती शिकवणी झाली.

मॅडमनी गुण दिले. म्हाळसाला या प्रश्नाला पाचपैकी पाच, इंद्रजितला भोपळा. एकुणात म्हाळसा पाच गुणांनी पुढं. मॅडमनी कागदावर सही केली. मी मनातल्या मनात म्हणलं, भिमा, जिंकलास गड्या.

तवर दादासो खाकरले. "मॅडम, तुमचं एकटीचं मत झालं. हितं मंडळ नऊ जणांचं हाय. जोर कुठं द्यायचा, हे मतदानानं ठरवू."

"अहो, हा मतदानाचा विषय नाही!"

"लोकशाहीत मतदानाचा विषय नसतो असा विषय सांगा मला एक." दादासोंनी माझ्याकडं बघितलं. "सावळाराम, विषय क्रमांक दोन लिहा."

मी लिहिला. उमेदवारांना बाहेर काढलं. पिंपळीचे आप्पा उठले. आप्पांची जमीन कॅनॉलच्या हेडला, पाणी त्यांच्या बांधावरनंच पुढं जातं. ते म्हणले, "मी म्हणतो, जोर पैल्या भागाला. पैल्याचा हक्क हाय. कॅनॉल जिथनं सुरू हुतो, तितं पाणी आधी. हे काय आज ठरलंय व्हय?"

बास! म्हस्कूतात्यांची जमीन टेलला, कॅनॉलच्या शेवटाला, पार इंदापूरच्या अंगाला. तिकडं उन्हाळ्यात पाण्याच्या नावानं नुसती ओल येती. तात्या ताडकन उठले. "व्हय रं आप्पा! हेडवाल्यांनी भिजवायचं, आन उरलं तर टेलला! जलम गेला आमचा तुमच्या पाळ्या बघण्यात. आता शब्दातबी तेच का? जोर शेवटच्याला द्या. एकदा तरी टेलला मिळू द्या काहीतरी!"

सणसरचे एक संचालक मधी पडले. "भांडू नका. आवर्तन लावा. यंदा जोर पैल्या भागाला, फुडल्या वर्षी दुसऱ्याला. सात वर्षांत सगळ्यांना मिळतो."

"आन ज्या वर्षी परीक्षा हाय त्या वर्षी कुणाला?"

"ते पाटकऱ्याला इचारा, पाणी तोच सोडतो!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. चार संचालक हेडचे, पाच टेलचे. हात मोजायच्या आधी तात्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी शिपायाला म्हाळसाला बोलवायला पाठवलं. ती दारात येऊन उभी राहिली.

"पोरी," तात्या म्हणले, "तू आपल्या गावची. नुसतं एवढं म्हण, की जोर शेवटच्यावर. शनवर. हितं पाच हात हायत, पाचीच्या पाची तुझ्या बाजूनं वर हुतील. आत्ता, हितल्या हितं नोकरी."

खिडकीतनं लिंबाखाली बसलेला भिमा दिसत होता. रात्रपाळी करून तसाच आलेला, डोक्याचा पटका मांडीवर, डोळे शाळेच्या दाराकडं. म्हाळसानं एकदा तिकडं बघितलं. मी पेन घट्ट धरून बसलो. म्हण की बाई, एका शनापायी काय आभाळ कोसळतंय! खरं सांगतो, मी तिच्या जागी असतो तर शनवर काय, फळ्याच्या चौकटीवर जोर दिला असता.

"तात्या, शनवर जोर पडत न्हाय," ती म्हणली. "कधीच न्हाय. ही पोरं उद्या बारामतीला जातील, पुण्याला जातील. तितं तोंड उघडलं की लोक हसतील. त्यांना कुणी शिकवलं, म्हणून इचारतील. मला ते जमायचं न्हाय."

तात्यांचं तोंड पडलं. "आगं, तुझ्यासाठीच करतोय की!"

"ठावं हाय, तात्या. पण जोर झेवरच हाय." एवढं बोलून ती परत बाहेर गेली.

तात्यांना लई राग आला. पण हेडवाल्यांवरचा राग त्याहून जुना. त्यांनी शेवटच्या भागाचा ठराव तरीबी मांडला. दादासोंच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. शेवटच्या भागावर ठरलं असतं, तर दोघंबी उमेदवार चुकले असते, आन बाकीच्या गुणांत दोघं सारखे उरले असते. भाच्याला पुढं काढायचा तर जोर पैल्यावरच पायजे, आन पाचातला एक हात खाली पायजे.

"म्हस्कूतात्या, तुमी हात खाली घ्या," दादासो गोड आवाजात म्हणले. "रेकॉर्डप्रमाणं तुमी वारलाय. ठराव क्रमांक अकरा."

"मी वारलोय?" तात्या किंचाळले. "मंग मघाशी पोहे कुणी खाल्ले?"

"पोहे रेकॉर्डला न्हाईत."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी इतिवृत्ताचं बुक उघडलं. होता की ठराव, माझ्याच अक्षरात. आधारवड कोसळला. हात झाले चाराला चार, आन दादासोंनी चेअरमनचं जादा मत टाकलं. जोर पैल्यावर पास. इंद्रजितचे शून्याचे पाच झाले, म्हाळसाच्या पाचाचं शून्य झालं. भाचा निवडून आला.

मॅडम उठल्या. "माझ्या सहीचे गुण आहेत तेच राहतील. तुमचा ठराव तुम्ही जोडा. मला चारची एस्टी आहे." त्यांच्या हाताची कार्बन कॉपी त्यांनी पर्समधी घातली आन गेल्या. मला त्यांचा रागच आला. आणखी चार शब्द सुनावता आले असते बाईंना. मंग मनात आलं, तू काय सुनावलंस रे सावळाराम? तू तर पान उघडून दाखवलंस.

सगळे पांगल्यावर म्हाळसा ऑफिसात आली. खडूचा डबा आन हजेरीची वही टेबलावर ठेवली. डोळे लाल, पण आवाज सरळ.

"सावळाराममामा, एक काम करा. जे झालं ते लिहा. चर्चेअंती लिहू नका."

दोन वर्षं तिनंच माझं कच्चं पक्कं केलेलं. त्या ओळीखाली काय काय असतं, ते तिला माझ्याइतकंच ठावं होतं. बाहेर भिमा पटका बांधत तिला इचारत होता, "झालं का गं?" आन ती म्हणत होती, "झालं, दादा. चला." तो आपला मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, नोकरी झाली. मला त्या हसण्यानं इतकी लाज वाटली, की मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुक उघडलं. सवयीनं हात 'सविस्तर च' पर्यंत गेला आन थांबला. तेवढं मी खोडलं. मंग बसलो, आन सगळं लिहिलं. चांगल्या सरकारी मराठीत.

'विषय क्र. २: इंग्रजी शब्दातील जोर निश्चित करणे. मा. आप्पा यांनी, कॅनॉलच्या हेडला पाणी आधी मिळते या धर्तीवर जोर पहिल्या भागास द्यावा अशी सूचना मांडली. मा. म्हस्कूतात्या यांनी टेलवर होत असलेला अन्याय निदर्शनास आणून जोर शेवटच्या भागास द्यावा असे सुचविले. जोराचे सात वर्षांचे आवर्तन लावण्याची उपसूचना आली. उमेदवार म्हाळसा यांना उत्तर बदलल्यास पाच मते मिळतील असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. मा. म्हस्कूतात्या हे ठराव क्र. ११ अन्वये मयत असल्याने त्यांचे मत बाद करण्यात आले. ते स्वतः हजर होते.'

चार पानं झाली. बुक घेऊन मी दारोदार सह्यांना फिरलो. एकानं वाचलं असंल तर शपथ. प्रत्येकानं इचारलं एवढंच, की माझं नाव घातलंय ना? मी म्हणलं, घातलंय, ठळक घातलंय. आप्पांनी तर नावावर बोट फिरवून बघितलं आन खूश होऊन चहा पाजला. म्हस्कूतात्यांनीबी सही केली, मयत असून. दादासोंनी मोटारीच्या बॉनेटवर बुक ठेवून सही केली, आन निवडीच्या मंजुरीसाठी नक्कल पुण्याला पाठवा म्हणले. मी पाठवली. रजिस्टर पोस्टानं.

महिन्याभरानं खात्याचं पत्र आलं. तीनच ओळी. इंद्रजित यांच्या नेमणुकीस मंजुरी नाकारली हाय. तज्ज्ञांच्या गुणांप्रमाणं पैल्या आलेल्या उमेदवाराला आठ दिवसांत नेमा. आन मंडळानं असला ठराव कोणत्या नियमानं केला, त्याचा खुलासा करा.

दादासोंनी तातडीची सभा लावली. विषय एकच: क्लार्क सावळाराम यांच्यावर कारवाई करणे. मी बुक घेऊन, पेन उघडून बसलो. भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू? पोरीच्या लग्नाची बोलणी चालली होती आमच्या.

"लिहा," दादासो गरजले. "क्लार्कनं संस्थेची बदनामी केली."

"लिहितो, साहेब. काय करून केली, ते सांगा. आरोपात लिहावं लागतं."

"इतिवृत्तात नको ते लिहून."

"नको ते म्हंजे न झालेलं?"

दादासो दात खाऊन म्हणले, "झालेलं."

"बरं," मी लिहीत लिहीत मोठ्यानं वाचलं. "'क्लार्कने सभेत जे झाले तेच लिहिले, याबद्दल त्याच्यावर कारवाई करावी.' सूचक कोण?"

कुणी हाललं न्हाय. आप्पा छताकडं बघायला लागले. हे पानबी पुण्याला जाणार, हे आता त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"म्हस्कूतात्या, तुमी व्हा सूचक," दादासो म्हणले.

तात्यांनी सावकाश तंबाखू मळली. "झालो असतो, दादासो. पण मी वारलोय."

कोपऱ्यातनं कुणीतरी खुसकन हसलं. दादासो म्हणले, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय नव्हताच. सभा संपली.

म्हाळसा आता कायम हाय. इंद्रजितनं बारामतीत कॅसेटचं दुकान टाकलं, मला बघितलं की हात जोडतो, म्हणतो, सुटलो मामा. जोराचा ठराव मातर अजून रद्द झालेला न्हाय. आमचे सगळे संचालक भाषणात 'इंडस' असं वरडून मंग बाकीचा शब्द उरकतात, आन आठवीतली पोरं पैल्या रांगेत बसून दात काढतात.

तिच्या पैल्या कायम तासाला भिमा आला होता. वर्गाबाहेर, लिंबाखाली बसला. आत साठ पोरं एका सुरात शब्दाचे भाग पाडत होती. हा गडी हनुवटीखाली हात धरून त्यांच्या मागं मागं म्हणत होता. मी पाण्याला म्हणून बाहेर आलो, तर मला म्हणला, "सात भरतात का, क्लार्कसाहेब?"

"सात."

"आन जोर?"

"सहाव्यावर."

"आमची बी तेच म्हणती," तो म्हणला, पटका बांधला आन ड्युटीवर गेला. मला रडूच आलं. पंचवीस वर्षांत मी लिहिलेलं कुणाच्या उपयोगी पडलं, असं ते एकदाच झालं होतं.

माझा पेन्शनचा कागद परवा दादासोंकडं दिला. म्हणले, सही एकट्यानं करता यायची न्हाय, ठराव लागंल, चर्चा करावी लागंल. मी म्हणलं, करा की, साहेब, सविस्तर करा. इतिवृत्त मीच लिहिणार हाय.